न काढलेल्या तिकिटाचे पैसे कोण भरतं?

स्वारगेटहून हडपसरला निघालेल्या बसमध्ये एखाद्यानं तिकीट काढलं नाही, तर ते पैसे नेमके कुणाच्या खिशातून जातात? बसवाल्याच्या, असं चटकन वाटतं. पण पुण्यात धावणाऱ्या बऱ्याच बस पीएमपीएमएलच्या, म्हणजे पुणे महानगर परिवहन महामंडळाच्या, स्वतःच्या नाहीत. त्या ठेकेदारांच्या आहेत आणि ठेकेदाराला पैसे मिळतात ते गाडी किती किलोमीटर धावली त्यावर. गाडीत दहा माणसं असोत की ऐंशी, त्याच्या बिलात फरक पडत नाही. तिकिटाचा पैसा जमा होतो पीएमपीएमएलकडे. तो खर्चाला पुरत नाही. राहिलेली तूट पुणे महापालिका 60 टक्के आणि पिंपरी-चिंचवड महापालिका 40 टक्के या हिशेबानं भरून देतात, आणि महापालिकेच्या पैशात आपला मिळकतकर असतो. सहकारनगरातल्या ज्या आजी वर्षानुवर्षं बसमध्ये चढलेल्या नाहीत, त्यांच्या करातूनही त्या न काढलेल्या तिकिटाची भरपाई होते.

पण तूट किती भरून द्यायची यालाही मर्यादा असते. पैसे कमी पडले की नव्या गाड्या लांबतात, दुरुस्ती रेंगाळते, फेऱ्या गाळल्या जातात. त्याचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो नेमानं तिकीट काढणाऱ्या आणि तरीही कात्रजच्या किंवा भोसरीच्या थांब्यावर ताटकळत उभं राहणाऱ्या माणसाला. त्याच्याकडे दुसरं वाहन नसतं.

यावर उपाय म्हणून हल्ली एकच गोष्ट सुचवली जाते: कार्ड आणा, सगळं डिजिटल करा, चोरी आपोआप थांबेल. कार्डाचे फायदे खरे आहेत, पण ते कुठे आहेत हे समजून घ्यायला हवं. माझं म्हणणं आधीच सांगतो. तिकीट चुकवणं कमी होतं ते दोन गोष्टींनी. एक, पैसे भरणं सोपं असलं पाहिजे, इतकं की न भरण्यालाच जास्त खटपट पडावी. दोन, तपासणी होते हे लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. कार्ड पहिल्या गोष्टीला खूप मदत करतं, दुसरीला थोडी. आणि ज्यावर सगळ्यात जास्त बोललं जातं, तो जबर दंड, त्याचा उपयोग या दोन्हींपेक्षा कमी आहे.

तिकीट का निघत नाही

वर्तमानपत्रात ‘फुकट्या प्रवाशांवर कारवाई’ असा मथळा आला की डोळ्यांसमोर एक बेरकी माणूस उभा राहतो. तो असतोच. चेकर कुठल्या थांब्यावर उभे असतात हे त्याला पाठ असतं आणि तीन थांब्यांच्या प्रवासात वाहकाकडे पाठ करून उभं राहणं त्याला जमतं. पण बुडालेलं सगळं उत्पन्न त्याच्याच नावावर टाकणं चूक आहे.

संध्याकाळी सहाला शिवाजीनगरहून निघालेली बस आठवा. माणूस कसाबसा दारात चढतो, पुढे सरकायला जागा नाही, वाहक गर्दीच्या पलीकडे. तिकीट काढायची इच्छा असली तरी पैसे पोचवायचे कसे? तीन थांब्यांनंतर तो उतरतो. किंवा खिशात पाचशेची नोट आहे आणि वाहकाकडे सुट्टे नाहीत. ‘उतरताना बघू’ म्हणत दोघंही विसरतात. यात चोरीचा हेतू नव्हता, पैसे मात्र तेवढेच बुडाले.

मग टप्प्याचा प्रकार. 1 जून 2025 पासून पीएमपीएमएलचं किमान भाडं 5 रुपयांवरून 10 रुपये झालं आणि पहिल्या 30 किलोमीटरपर्यंत पाच-पाच किलोमीटरचे टप्पे आले: 10, 20, 30 असे. भाडं दहाच्या पटीत आल्यामुळे सुट्ट्या पैशांची कटकट कमी झाली, हे चांगलंच झालं. पण टप्पा मोठा असला की टप्प्याच्या सीमेवर राहणाऱ्याला मोह होतो. एक थांबा अलीकडचं तिकीट काढायचं आणि एक थांबा पुढे उतरायचं, दहा रुपये वाचले. हातात तिकीट असतं, त्यामुळे हा प्रवासी पटकन लक्षातही येत नाही.

सवलतीच्या पासचा गैरवापर हा आणखी एक प्रकार. दुसऱ्याचा पास, मुदत संपलेला पास, शिक्षण संपल्यावरही वापरात राहिलेला विद्यार्थी पास.

आणि एक प्रकार असा की ज्यात प्रवासी पैसे देतो, पण ते तिजोरीत पोचत नाहीत. वाहकानं पैसे घेतले आणि तिकीट दिलं नाही, किंवा ‘तिकीट नको, पाचच घ्या’ असं प्रवाशानंच सुचवलं. जगभरातल्या रोकडीवर चालणाऱ्या बससेवांना हे दुखणं होतं आणि आहे. वाहकांबद्दल सरसकट वाईट बोलणं मला मान्य नाही. दिवसभर धक्के खात, उभ्यानं, भांडणं सोसत काम करणारी ही माणसं आहेत आणि बहुतेक जण चोख काम करतात. पण व्यवस्था आखताना माणसाच्या चांगुलपणावर सगळा भार टाकायचा नसतो. कागदी तिकिटांच्या गठ्ठ्याऐवजी हातात तिकीट मशीन आलं, तेव्हा प्रत्येक तिकिटाची वेळ आणि टप्पा नोंदला जाऊ लागला. हा मोठा फरक होता. तरीही जे तिकीट मशीनमधून निघालंच नाही, त्याची नोंद मशीनकडे कुठून असणार?

गेटवरच्या अर्ध्या सेकंदात काय होतं

आता मेट्रोकडे जाऊ. 6 मार्च 2022 ला पुण्याची मेट्रो वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी ते फुगेवाडी अशा दोन तुकड्यांत सुरू झाली, आणि 29 सप्टेंबर 2024 ला भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत पोचला. तिकीट कागदावर, ॲपवर किंवा व्हॉट्सॲपवर क्यूआर कोडच्या रूपात मिळतं, आणि रोजच्या प्रवाशांसाठी ‘एक पुणे कार्ड’ आहे. हे कार्ड ज्या योजनेखाली येतं ते राष्ट्रीय सामायिक मोबिलिटी कार्ड, म्हणजे एनसीएमसी, 4 मार्च 2019 ला अहमदाबादमध्ये सुरू झालं. कुठल्याही शहरातल्या मेट्रोत, बसमध्ये, पार्किंगला एकच कार्ड चालावं अशी कल्पना. ते रुपे कार्डाच्या तंत्रावर बांधलेलं आहे आणि त्याचं मानक एनपीसीआयनं ठरवलंय, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्याच संस्थेनं.

या कार्डात बॅटरी नसते. गेटवरच्या रीडरमधून 13.56 मेगाहर्ट्झच्या लहरी निघत असतात. कार्ड काही सेंटिमीटरवर आलं की त्याच्या आत गुंडाळलेल्या बारीक तारेत त्या लहरींमुळे वीज निर्माण होते आणि त्यावर चिप जागी होते. म्हणूनच कार्ड लांबून हलवून चालत नाही, टेकवावं लागतं, आणि झटकन ओढून घेतलं तर व्यवहार अर्धवट राहतो.

चिप जागी झाली की पहिली गोष्ट होते ओळखपरेड, आणि ती दोन्ही बाजूंनी. रीडर खरा आहे का हे कार्ड तपासतं. कार्ड खरं आहे का हे रीडर. दोघांकडे गुप्त किल्ल्या असतात, पण किल्ली कधीच हवेतून पाठवली जात नाही. एक बाजू एखादा आकडा पाठवते, दुसरी बाजू आपल्या किल्लीनं त्यावर गणित करून उत्तर देते. किल्ली नसेल तर उत्तर चुकतं. आकडा दर वेळी नवा असतो, त्यामुळे कुणी मधेच उभं राहून आजचं उत्तर टिपून घेतलं तरी उद्या त्याचा उपयोग नाही.

ओळख पटली की कार्डातली शिल्लक वाचली जाते. किमान रक्कम आहे ना हे पाहून गेट उघडतं आणि ‘अमुक स्टेशन, अमुक वेळ’ अशी नोंद कार्डावरच लिहिली जाते. बाहेर पडताना ती नोंद वाचून भाडं ठरतं, कार्डातून कापलं जातं आणि नोंद बंद होते. गर्दीच्या वेळी एका गेटमधून मिनिटाला पंचवीस-तीस माणसं जायला हवीत, तर हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत उरकावं लागतं.

इथेच बहुतेकांचा घोळ होतो. पैसे बँकेत आहेत की कार्डात? या प्रवासासाठीचे पैसे कार्डातच असतात. मंडईच्या भुयारी स्टेशनात गेटनं प्रत्येक माणसासाठी बँकेला इंटरनेटवरून विचारायचं ठरवलं, आणि जाळं एक मिनिट जरी अडखळलं, तरी जिन्यापर्यंत रांग लागेल. म्हणून कार्ड स्वतःपुरतं पाकीट आहे, आणि त्यात काय शिल्लक आहे ते गेटला कुणालाही न विचारता समजतं. दिवसभरात झालेले व्यवहार नंतर एकगठ्ठा मुख्य यंत्रणेकडे जातात.

या रचनेची किंमतही आहे. मोबाइलवरून टॉप-अप केला, बँकेतून पैसे गेले, आणि गेटवर मात्र ‘शिल्लक अपुरी’. ही तक्रार अनेकांची असते. पैसे बुडालेले नसतात. ते बँकेच्या संगणकावर वाट पाहत असतात, कारण कार्डाला स्वतःचं इंटरनेट नाही. स्टेशनवरच्या मशीनवर, किंवा एनएफसी, म्हणजे जवळ आणलेलं कार्ड वाचायची सोय, असलेल्या फोनवर, कार्ड एकदा टेकवून ‘बॅलन्स अपडेट’ केलं की ते कार्डावर चढतात. आणि पाकीट हरवलं की आतले पैसेही जातात, तसंच इथेही होतं. कार्डातल्या या ऑफलाइन शिलकेला 2000 रुपयांची मर्यादा घातलेली आहे, त्यामागे हेही एक कारण आहे. मेट्रोला किती लागतात याचा अंदाज घेऊन तेवढेच भरावेत.

बाहेर पडताना कार्ड टेकवायचं राहिलं, म्हणजे गर्दीत कुणाच्या तरी मागून निसटलात, तर कार्डावरची नोंद उघडीच राहते. पुढच्या वेळी गेट अडवतं. काउंटरवर जाऊन नोंद बंद करून घ्यावी लागते आणि तिथे भाडं वसूल होतं. प्रवाशाला हा जाच वाटतो, पण या एका नियमामुळेच मेट्रोत ‘कमी टप्प्याचं तिकीट काढून पुढे उतरणं’ जमत नाही. आत आणि बाहेर, दोन्ही ठिकाणी हिशेब होतो.

कार्डाची नक्कल करता येते का

एके काळी येत होती, आणि ती गोष्ट कळण्यासारखी आहे. नव्वदच्या दशकात आलेली ‘मायफेअर क्लासिक’ नावाची चिप जगभरातल्या वाहतूक कार्डांत वापरली गेली. लंडनच्या ऑयस्टर कार्डात आणि नेदरलँड्सच्या कार्डातही तीच होती. तिचं कुलूप कसं बनवलंय हे कंपनीनं गुप्त ठेवलं होतं, आणि ते गुपित हीच तिची सुरक्षा मानली गेली. 2007-08 मध्ये संशोधकांनी चिप उघडून, तिच्या थरांचे फोटो काढून, ते कुलूप उलगडलं. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या विद्यापीठातल्या गटानं ते किती झटकन उघडतं हे दाखवून दिलं. कंपनी त्यांचं संशोधन रोखायला कोर्टात गेली. 2008 मध्ये कोर्टानं संशोधकांच्या बाजूनं निकाल दिला.

त्यातून पुढच्या व्यवस्था दोन गोष्टी शिकल्या. पहिली, कुलपाची रचना सगळ्यांना माहीत असली तरी चालेल, गुपित फक्त किल्लीत असावं. आज एनसीएमसीत वापरलेलं तंत्र बँकेच्या चिपकार्डाच्या जातीचं आहे आणि ते याच तत्त्वावर चालतं. दुसरी, कार्डावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. एखाद्यानं काहीतरी करून कार्डात जादा शिल्लक लिहिलीच, तर रात्री व्यवहारांची जुळणी होताना मुख्य संगणकाला दिसतं की या कार्डात तीनशे भरले गेले होते आणि खर्च मात्र पाचशे झालाय. ते कार्ड काळ्या यादीत जातं, यादी सगळ्या गेटांना पोचते आणि पुढच्या वेळी गेट उघडत नाही. एखादी फेरी फुकट झाली असेल, पण तो धंदा होऊ शकत नाही.

म्हणून मेट्रोत खरा त्रास नकली कार्डांचा नाही. तो साध्या गोष्टींचा आहे: एका टॅपवर दोघं चिकटून आत जाणं, किंवा भावाचं विद्यार्थी कार्ड वापरणं. विद्यार्थ्यांना मेट्रोनं 30 टक्के सवलत दिली आहे, आणि गेटला कार्ड ओळखता येतं, माणूस नाही. तिथे गेटपाशी उभा असलेला कर्मचारीच लागतो.

बसला गेट नसतं

मेट्रोचा उपाय बसला जसाच्या तसा लावता येत नाही. थांबा म्हणजे बंद स्टेशन नव्हे. रस्त्यावर खांब आणि वर पाटी. नगर रस्त्यावर किंवा औंध-रावेतला बीआरटीची, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेची, स्थानकं बांधली, तरी तिकीट गाडीतच काढायचं राहिलं. म्हणजे गेटची जागा वाहकानं घ्यायची, आणि वाहक एकच.

इथे सोय वाढवण्याचे प्रयत्न झाले आहेत. 2023 पासून पीएमपीएमएलच्या बसमध्ये क्यूआर कोड स्कॅन करून यूपीआयनं पैसे देता येतात आणि 2024 मध्ये ‘आपली पीएमपीएमएल’ ॲप आलं, ज्यावर तिकीट आणि पास दोन्ही मिळतात. सुट्ट्यांवरून होणारी वादावादी यानं कमी होते, आणि रोकड जितकी कमी हाताळली जाईल तितकी मधल्या गळतीची वाटही अरुंद होते. वाहकावरचा संशयही कमी होतो, ज्याचा त्यालाच सगळ्यात जास्त फायदा आहे.

पण मोबाइलवरच्या तिकिटानं एक नवी पळवाट उघडते, आणि ती सगळ्या शहरांना भेडसावते. तिकीट नुसतं डोळ्यांनी बघायचं असेल तर कालच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट पुरतो. म्हणून बऱ्याच ॲपमध्ये तिकिटावर हलणारं चित्र किंवा पळणारं घड्याळ असतं, जे स्क्रीनशॉटमध्ये गोठतं. त्याहून पक्का उपाय म्हणजे तिकीट मशीननं स्कॅन करणं, कारण एकदा वापरलेला कोड मशीन पुन्हा घेत नाही.

दुसरी पळवाट: ॲप उघडं ठेवून बसायचं, आणि चेकर चढताना दिसला की लगेच तिकीट काढायचं. रेल्वेनं या पळवाटेचा विचार आधीच केला होता. पुणे-लोणावळा लोकलचं तिकीट ज्या यूटीएस ॲपवर निघायचं, त्यात स्टेशनच्या आवारात किंवा रुळांवर असताना फोनवरून घरबसल्यासारखं तिकीट काढता येत नसे. फोनचं ठिकाण ओळखून ॲप अडवायचं. 2024 मध्ये स्टेशनपासून किती लांबून तिकीट काढता येईल याची बाहेरची मर्यादा रेल्वेनं काढून टाकली, पण आतली राहू दिली. लांबून तिकीट काढणाऱ्यामुळे रेल्वेचं काही जात नाही. टीसी दिसल्यावर काढणाऱ्यामुळे जातं. नियम कुठे ढिला करायचा आणि कुठे घट्ट, याचं मला हे फार चांगलं उदाहरण वाटतं.

दंडाचं गणित

आता दंडाकडे येऊ. 1968 मध्ये अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो: नियम मोडणारा माणूस, कळत-नकळत, दंडाची रक्कम आणि पकडलं जाण्याची शक्यता यांचा गुणाकार करतो.

समजा तिकीट 20 रुपयांचं आहे आणि दंड 500 रुपये. पंचवीस वेळा तिकीट चुकवलं की 500 रुपये वाचतात. म्हणजे पंचवीस प्रवासांत एकदा पकडलं गेलं तर चुकवणारा बरोबरीत सुटतो. त्याहून कमी वेळा पकडलं गेलं तर फायद्यात. रोज जाऊन-येऊन दोन प्रवास, महिन्याचे 25 कामाचे दिवस धरले तर 50 प्रवास होतात. म्हणजे अशा माणसाला महिन्यातून किमान दोनदा तपासणी गाठली पाहिजे. तुम्ही रोज बसनं जात असाल तर स्वतःलाच विचारून पाहा: गेल्या महिन्यात तुमचं तिकीट चेकरनं किती वेळा बघितलं?

कागदावर यातून सोपी वाट दिसते. चेकर वाढवायला पगार लागतात, दंड वाढवायला नुसता ठराव. 500 चे 1000 करा, मग महिन्यातून एकदा गाठलं तरी पुरे. प्रत्यक्षात हे चालत नाही, आणि का चालत नाही ते समजून घेण्यासारखं आहे. माणसाच्या डोक्यात गुणाकार नसतो. त्याच्या डोक्यात ‘या मार्गावर चेकर दिसतो का’ एवढंच असतं. जो दंड कधी कुणाला झालेला पाहिला नाही, तो दोन हजार असला काय आणि पाच हजार असला काय. गुन्ह्यांचा अभ्यास करणारेही बऱ्याच काळापासून हेच सांगत आले आहेत की शिक्षेच्या जबरपणापेक्षा तिच्या खात्रीचा धाक मोठा असतो.

दुसरी अडचण माणुसकीची आहे. मार्केट यार्डात हमाली करून परतणाऱ्याकडे हजार रुपये नसतातच. मग वसुली होत नाही, बसमध्ये भांडण होतं, बस खोळंबते, आणि चेकरला तो प्रसंगच नकोसा होतो. तो बघून न बघितल्यासारखं करतो. दंड इतका मोठा की तो लावायचीच हिंमत होत नाही, तेव्हा त्याचा धाक शून्यावर येतो. रेल्वेच्या कायद्यात विनातिकीट प्रवाशाकडून भाडं आणि वर किमान 250 रुपये घेण्याची तरतूद आहे. लोकलच्या तिकिटाशी तुलना केली तर ही रक्कम पुरेशी बोचते आणि तरीही बहुतेकांकडून वसूल होऊ शकते. माझ्या मते दंड याच जातीचा असावा. जो पहिल्यांदाच सापडलाय त्याच्याशी आवाज न चढवता बोलावं, आणि जो पुन्हा पुन्हा सापडतो त्याच्यासाठी रक्कम चढत जावी. भर बसमध्ये माणसाचा पाणउतारा करणं हा दंडाचा भाग नाही.

चेकरची संख्या मर्यादित राहणार, हे गृहीत धरूनच चालावं लागतं. इथे मशीन आणि कार्डांतून जमा होणारी माहिती कामाला येते. एखाद्या मार्गावर रोज सकाळी गाडी खच्चून भरलेली दिसते आणि तिकिटं मात्र निम्म्या गाडीचीच निघतात, तर तपासणी पथक तिथे पाठवायला हवं. तिकीट, पास, यूपीआय आणि कार्ड यांचा हिशेब एकत्र मांडला की असे मार्ग आणि अशा वेळा वर येतात. पथकानं महिन्यातून एकदा मोठी मोहीम काढून फोटो छापण्यापेक्षा, दोन-दोन जणांनी रोज वेगळ्या थांब्यावर दिसणं जास्त परिणाम करतं.

दुसऱ्या शहरांना काय अनुभव आला

चिलीची राजधानी सॅंतियागो हे शहर पुण्यानं नीट अभ्यासावं असं आहे. 2007 मध्ये तिथली सगळी बसव्यवस्था एका फटक्यात बदलली. आधी ड्रायव्हरला प्रवाशांमागे पैसे मिळत, त्यामुळे तिकिटावर त्याची नजर असे. नव्या व्यवस्थेत रोकड बंद झाली, फक्त कार्ड. आणि तिकीट वसूल करण्यात ड्रायव्हरचा स्वतःचा काही संबंध उरला नाही. बदल घाईनं झाला, बस कमी पडल्या, लोक वैतागले. पुढच्या वर्षांत बसमध्ये दर दहातले जवळपास तीन प्रवासी पैसे न भरता चढू लागले. कार्ड होतं, मशीन होतं. पण सेवा वाईट होती आणि दारात विचारणारं कुणी नव्हतं. ऑक्टोबर 2019 मध्ये तिथल्या मेट्रोचं भाडं 30 पेसोंनी वाढलं, तेव्हा विद्यार्थ्यांनी झुंडीनं गेटांवरून उड्या मारून निषेध केला आणि त्यातून देशभर आंदोलन पेटलं.

पुण्यातही ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे मिळतात, म्हणून ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपल्याकडे अजून वाहक आहे. डिजिटल तिकिटं वाढली की वाहक कमी करून पैसे वाचवण्याचा विचार कधीतरी पुढे येईल, आणि तेव्हा सॅंतियागो आठवावं.

न्यूयॉर्कच्या वाहतूक संस्थेनं नेमलेल्या समितीनं भाडं आणि टोल चुकवण्याचा 2022 सालचा फटका सुमारे 69 कोटी डॉलर असल्याचं 2023 मध्ये सांगितलं. त्यात बसचा वाटा भुयारी रेल्वेपेक्षाही मोठा होता. उलट सॅन फ्रान्सिस्कोनं 2012 मध्ये सगळ्या दारांतून चढायला परवानगी दिली. पैसे कार्डानं भरा, तिकीट जवळ ठेवा, निरीक्षक कधीही विचारेल. मागच्या दारातून लोक फुकट चढतील अशी भीती होती. पुढे मोजलं तेव्हा चुकवेगिरी वाढण्याऐवजी थोडी कमीच झालेली दिसली आणि थांब्यावरचा वेळ वाचला. मागच्या दारापाशी कार्ड टेकवायची सोय होती, हे त्याचं मोठं कारण.

शिवाजीनगरच्या गर्दीत दारात अडकलेल्या त्या प्रवाशासाठीही दारालगतच्या दांडीवर कार्ड वाचणारं छोटं मशीन असतं, तर त्यानं तिकडेच पैसे भरले असते. वाहकाचं काम मग प्रत्येकाकडून पैसे घेण्याऐवजी ज्यांनी टेकवलं नाही त्यांच्याकडे पाहण्याचं, आणि आजी-आजोबांना चढायला हात देण्याचं राहिलं असतं.

रोकड आणि बदलीचं तिकीट

दोन गोष्टी राहिल्या. रोकड पूर्ण बंद करू नये. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, मजुरी रोजच्या रोज हातात पडते, आणि कार्डात दोनशे रुपये आधी अडकवून ठेवणं परवडत नाही, अशी माणसं पुण्याच्या बसचा मोठा आधार आहेत. त्यांना गाडीत रोख तिकीट मिळालंच पाहिजे. कार्डवाल्याला सवलत द्यावी, मेट्रो जशी देते तशी. रोकडवाल्याला दारातून परत पाठवू नये.

आणि बदलीचं तिकीट. बिबवेवाडीतून बसनं स्वारगेटला येणारा, तिथून मेट्रोनं पिंपरीला जाणारा आणि पुढे बसनं थेरगाव गाठणारा माणूस घ्या. मेट्रोच्या भाड्याखेरीज त्याला दोन्ही टोकांना बसचं किमान 10 रुपयांचं तिकीट काढावं लागतं. जाऊन-येऊन ती चार तिकिटं, रोजचे 40 रुपये, 25 दिवसांचे 1000. या छोट्या टोकाच्या प्रवासातच तिकीट चुकवण्याचा मोह सगळ्यात जास्त होतो, नाहीतर माणूस स्कूटर काढतो. रोख तिकिटाला माहीत नसतं की हा प्रवासी दहा मिनिटांपूर्वीच मेट्रोतून उतरलाय. कार्डाला ते माहीत असतं, कारण उतरल्याची वेळ त्याच्यावरच लिहिलेली असते. लंडननं 2016 मध्ये याच बळावर एका तासात दुसरी बस फुकट केली आणि 2018 पासून त्या तासात कितीही बस बदलता येतात.

पुण्यात हे करायचं तर बसमधल्या मशीनला मेट्रोनं कार्डावर लिहिलेली नोंद वाचता आली पाहिजे आणि सोडलेल्या दहा रुपयांतले किती महामेट्रोनं, म्हणजे मेट्रो चालवणाऱ्या कंपनीनं, सोसायचे, किती पीएमपीएमएलनं, हे दोन्ही संस्थांनी बसून ठरवलं पाहिजे. पहिलं काम तंत्रज्ञांचं आहे आणि ते अवघड नाही. दुसरं दोन्ही संस्थांच्या संचालक मंडळांचं आणि दोन्ही महापालिकांचं आहे. ते होईपर्यंत बिबवेवाडीच्या त्या प्रवाशाला टोकाच्या बसची चारही तिकिटं पुऱ्या दरानंच काढावी लागतील.